निरसं दूध

गाय गाभडली आन वार आत राह्यली का पयले आमच्या बुढ्याले हाक. इंद्रभानभाऊ खुर्चीतून न उठताच वरडे, "रामकिसन! जार अडकला रे!" आन हा हातातली भाकर ताटात टाकून पळे. जसं काय ह्याचीच लेक अडली हाय तिकडं.

बुढा म्हनतो मी नवऱ्याले, पन पन्नाशी बी नाई लागली त्याले. पोरीचं लगन झालं तवापासून मले तशी सवय पडली. आमचं गाव अनसिंगच्या पलीकडं. वावर हाय थोडंसं, पन त्यात मातीपेक्षा गोटेच जास्त. तिथं दोघायच्या हाताले काम पुरे ना, म्हनून आमी इकडं धनजच्या अंगाले, इंद्रभानभाऊच्या डेअरीवर राहाले आलो. टिनाची खोली, गोठ्याले लागून, मधात भिंत एकच. तिकडं गाईनं लाथ झाडली का इकडं आमचे भांडे वाजत.

माह्याकडं शेन काढनं, गव्हानी धुनं, वासराले पाजनं. बुढ्याकडं धारा. मशीन होती, पन भाऊचा मशीनवर भरोसा नाई, शेवटची धार हातानंच काढा म्हने. आन गाय व्याली, अडली, गाभडली, का मंग सगळं रामकिसन. "त्याच्या हाताले गुन हाय," असं म्हनत सारे. तेवढ्यानंच हा फुगे. अरे, गुन हाताले हाय तं भाऊनं तुले कधी खुर्ची देल्ली काय बसाले? पन सांगता कोनाले.

त्या साली दिवाळीच्या मागून भाऊनं बाहेरून ट्रकभर गाई आनल्या. मोठ्या, काळ्या-पांढऱ्या, कानात पिवळे बिल्ले. आल्या तशा एकेकीनं गाभ फेकाले सुरुवात केली, महिने भराच्या आंधीच. पयली गाभडली तं म्हनले, ट्रकातले धक्के लागले. मंग दुसरी गाभडली तं म्हनले, चारा बदलला. तिसरीच्या वक्ताले विजयमालावहिनी, भाऊची बायको, म्हनल्या, "नजर लागली आमच्या दुधाले," आन गोठ्याच्या दारावर लिंबू-मिरच्या बांधल्या.

त्या तिसरीचा जार काढला तवा मी बाजूलेच उभी होती, शेपूट धरून. बुढ्यानं सदरा काढला, हाताले गोडं तेल चोपडलं, आन खांद्यापर्यंत हात आत. गाय थरथर कापे. ह्याचा गाल तिच्या पुठ्ठ्याले टेकलेला, डोळे मिटलेले, आन बोटं आतमधात चालून राह्यले. लय वेळ लागला. सुटला तवा भसकन घान पानी आलं, ह्याच्या तोंडावर, डोळ्यात. ह्यानं कोपरानं तोंड पुसलं आन हासला.

"निघाला पुरा. एक तुकडा नाई राह्यला आत."

"आंधी तोंड धुवा," म्या म्हनलं.

"धुतो ना वो. हे झाडावर टाकून येतो पयले."

आमच्यात तसंच करतात. जार कुत्र्याच्या तोंडी पडू द्याचा नाई. दुधाच्या झाडावर टांगाचा, वडावर, म्हंजे गाईचं दूध आटत नाई. बुढ्यानं जार पोत्यात भरला, पोतं उघड्या खांद्यावर घेतलं, आन निघाला नाल्याकाठच्या वडाकडं. पोत्यातून गळे ते पाठीवरून कमरेपर्यंत. वापस आला, हात पान्यातून काढले, आन बसला धारेले. धार काढता काढता चार धारा आपल्या तोंडात. निरसं दूध, थनातलं, गरम. तो त्याचा हक्कच होता, भाऊबी काई म्हने ना. मले बी गिलास भरून दे, "पे वो, अंगाले लागते." मले लहानपनापासून निरसं दूध पेलं का मळमळते. मी घेतलं का चुलीवर ठेवो, त्याले ऊत आनो, मंग पेवो. बुढा म्हने, "दुधाची सारी ताकत जाळून टाकते ही बाई." म्हनू दे म्हनलं.

ताप आला तो होळीच्या सुमाराले. पयले वाटलं उन्ह लागलं. सकाळी बरा राहे, दुपार कलली का हुडहुडी भरे, ताप चढे, आन मंग असा घाम, का बंडी पिळाव तं पानी गळे. काई दिवसानं आपोआप गेला. आमी म्हनलं, गेली बला. तं पुन्हा आला. जावयासारखा ताप तो, सांगून येत नाई आन गेला म्हनता म्हनता वापस दारात. कंबर धरली, गुडघे धरले. एक दिवस शेनाची पाटी उचलाले वाकला तं तिथंच शेनात बसला. मले म्हने, "पाय घसरला." पाय कायचा घसरते, तिथं तं कोरडं होतं.

आन एक गोष्ट त्यानं मले बी लय दिवस सांगतली नाई. पाय फाकवून चाले. म्या विचारलं तं अंगावर ये. मंग एका दुपारी मी त्याची कंबर चोळून राह्यली होती, तं भिंतीकडं तोंड करून म्हनला, "खाली सुजलं हाय वो. एका अंगाले. कपडा लागला तरी जीव जाते."

"आन हे तुमी आता सांगून राह्यले?"

"कोनाले सांगू? भाऊले? हासन तो."

हासलाच तो. न सांगता हासला. दूध न्याले गाडी आली होती, बुढा क्यान उचलून राह्यला होता पाय फाकवून. भाऊनं त्याची चाल पायली आन गाडीवाल्याच्या देखत म्हनला, "काय रामकिसन, जास्त झाली वाटते! का बुढीनं लाथ मारली?" गाडीवाला खदाखदा हासला. आन आमचा बुढा बी हासला! मी खराटा घेऊन तिथंच उभी. हासला काहून हा? ज्यानं जल्मात दारूले हात नाई लावला, त्यानं कायले हासाव? मले त्या दोघायपेक्षा याचाच राग आला. दिवसभर बोलली नाई मी त्याच्याशी.

कारंज्याले एका दवाखान्यात नेलं त्याले. एसटीत बसता येईना, उभ्यानंच गेला, दांडा धरून. डॉक्टरनं जीभ पायली, पोट दाबलं, म्हनला, "टायफाईड आहे." सलाईन लावली, गोळ्या देल्ल्या. "पाणी उकळून प्या." बस. बुढ्याच्या अंगाले गोठ्याचा वास ये, तं डॉक्टरनं नाकाले रुमाल लावला, पन हे नाई विचारलं का बावा हा वास कायचा, तू काम काय करते. खालच्या सुजेचं बुढा बोललाच नाई, कारन तिथं सुई द्याले एक पोरगी उभी होती. म्या डोळे वटारले, त्यानं छताचा पंखा पायला.

ताप गेला, ताप आला. पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा टायफाईड.

तेवढ्यात डेअरी पाहाले कोनी साहेब येनार म्हनून एक दिवस धावपळ झाली. वहिनीनं कपाटातून आमच्यासाठी गमबूट काढले, रबरी हातमोजे काढले, डोक्याले टोप्या काढल्या. बुढा तापात होता तरी उभा केला. गाईच्या बाजूनं उभे करून आमचे फोटो काढले. साहेब म्हनला, "वा, छान व्यवस्था आहे." साहेबाची गाडी फाटकाबाहेर गेली आन वहिनी पोतं घेऊन आल्या, "काढा बाप्पा गमबूट, खराब होतीन." आमी काढले. बुढा मंग म्हनला, "पाय कोरडे राह्यले होते वो घडीभर. बरं वाटलं." काय म्हनाव अशा मानसाले?

वैशाखात आनखी एक गाय गाभडली. बुढा खाटेवर, अंगावर गोधडी, उन्हाळ्यात. भाऊची हाक आली आन हा उठला.

"मरू द्या ना ते," म्या म्हनलं. "ढोराच्या डॉक्टरले बलाव म्हना भाऊले."

"जार सडला तं गाय जाईन."

"आन तुमी गेले तं?"

त्यानं आयकलंच नाई. गेला, आन घातला हात. त्याच वक्ताले ढोराची डॉक्टरीन आली, दुसऱ्या वासराले पाहाले. निता नाव तिचं, नवीन आली होती, स्कुटीवर फिरे. तिनं बुढ्याले पायलं आन दारातूनच वरडली, "काका, हात बाहेर काढा! आधी बाहेर काढा!"

बुढा घाबरला. भाऊ हासत आला, "अहो मॅडम, एक्सपर्ट आहे आमचा."

"अशा किती गाभडल्या आतापर्यंत?"

"एखादी," भाऊ म्हनला.

मले राहावलं नाई. "एखादी? वडाले जार टांगाले फांदी नाई राह्यली, आन एखादी?"

भाऊनं माह्याकडं असं पायलं का दुसरी राह्यली असती तं गप बसली असती. डॉक्टरीनबाईनं स्वतः लंबे मोजे घातले, खांद्यापर्यंतचे, आन मंग साऱ्या गाईचं रक्त काढलं, नळ्याच नळ्या. मंग बुढ्याच्या कपाळाले हात लावला. विचारलं, ताप येतो-जातो का, घाम येतो का, सांधे दुखतात का. हरेक गोष्टीले बुढ्यानं मुंडी हालवली. मले बाजूले घेऊन हळूच आनखी एक विचारलं. म्या म्हनलं, "हाव, सुजलं हाय."

"काकू, हा रोग गाईकडून माणसाला लागतो. जारातून, त्या पाण्यातून, निरशा दुधातून. ब्रुसेला म्हणतात."

"मंग द्या ना बाई औषध!"

"मी जनावरांची डॉक्टर आहे. माणसाला गोळी देता येत नाही मला. दवाखान्यात सांगा, गाई गाभडतात तिथं काम करतो, ब्रुसेलाची रक्ततपासणी करा म्हणावं. आणि दूध उकळल्याशिवाय प्यायचं नाही. पोटुशी बाई असेल तर तिनं तर अजिबात नाही, गर्भ जाऊ शकतो."

आता पा बरं हा न्याय. गाईचा डॉक्टर दारात येते, हरेक गाईचं रक्त काढते, आन ज्या मानसानं त्या गाईच्या पोटात हात घातला त्याचं रक्त कोनीच काढत नाई. गाईवालीले रोग समजते, तं तिले गोळी देता येत नाई. मानसावाल्याले गोळी देता येते, तं त्याले रोग समजत नाई. आन आमी मधात!

जाताना बाईनं बुढ्याले लंबे मोजे देल्ले, पुडकं भरून. बुढ्यानं एक घालून पायला आन काढून टाकला. "मोजा घातला का हाताले दिसत नाई," म्हने. ताप एवढा, तरी तोरा पा! म्या पुडकं पेटीत ठेवलं. एका मोज्यात वालाचं बी भरलं, घुशी लय झाल्या होत्या.

कारंज्याच्या डॉक्टरपुढं बसली तं म्या आंधी त्याले बोलूच देल्लं नाई. बाईनं सांगतलं तसंच्या तसं सांगतलं.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"ढोराच्या डॉक्टरीनबाईनं."

"मग त्यांच्याकडंच न्यायचं होतं."

कंपाउंडर फस्सकन हासला. माह्या डोक्यात आग गेली. "मी रक्त काढल्याबिगर उठत नाई," म्या म्हनलं. "आन ह्यायले खाली सुजलं हाय, थे बी पा. लाजेनं सांगत नाई हे."

दवाखान्यात मानसं बसले होते, बाया बसल्या होत्या. सारे पाहून राह्यले. बुढ्याची मुंडी पार छातीत गेली. पन डॉक्टरचं हासू गेलं. पडदा ओढून त्यानं तपासलं, बाहेर येऊन हात धुतले.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी आंधी काहून नाई विचारलं?"

रक्त बाहेरगावी पाठवाव लागलं. निघालं तेच, बाईनं सांगतलं ते. डॉक्टर आता धड बोलला. गोळ्या लय दिवस घ्याच्या, मधात एक दिवस बी सुटला का रोग वापस येते. गाईत हात घालाचा नाई. आराम.

पन बुढा एसटी स्टँडवर माह्याशी बोलेना. केळं देल्लं, घेतलं नाई. गाडीत बसल्यावर म्हनला, "चार लोकायसमोर इज्जत घेतली तुवा माही."

"जीव राह्यला तं इज्जत वापस येईन," म्या म्हनलं. तरी धनज येईलोक तोंड खिडकीकडंच होतं त्याचं.

डेअरीवर आलो तं गोठ्यात चार खुटे रिकामे. ज्या गाईचं रक्त खराब निघालं, त्या भाऊनं सकाळीच गाडीत भरून बाजाराले लावल्या. डॉक्टरीनबाई सांगून गेली होती, वेगळ्या बांधा, विकू नका. कोनाच्या दावनीले गेल्या असतीन त्या, कोनी हात घातला असन, देव जाने.

संध्याकाळी भाऊनं आमाले ऑफिसात बलावलं. खुर्च्या देल्ल्या. पयल्यांदा! वहिनीनं चहा आनला कपबशीत.

"रामकिसन," भाऊ म्हनला, "तू माह्या भावासारखा. तुह्या गोळ्या मी आनीन, सरेपर्यंत. खोली तुहीच. काम नको करू, फाटकावर बस निस्ता. फक्त एक कर. त्या रोगाचं नाव ह्या आंगनाच्या बाहेर जाऊ देऊ नको. दूधवाल्यानं आयकलं तं माही डेअरी बंद, मंग तू कोठं आन मी कोठं?"

"आन बाकीच्या गाई?" म्या विचारलं.

"साफ हाय त्या."

"पुन्हा तपासाव लागते म्हने बाई."

"तपासू ना वहिनी. घाई कायची हाय?"

मले वहिनी म्हनला तो. इतके दिवस "ए तुळसाबाई" होती मी. बुढ्यानं लगेच मान हालवली, "हाव भाऊ." मंग दोघायनं माह्याकडं पायलं.

म्या बी हाव म्हनलं. काहून नाई म्हनू? त्या गोळ्या एक दिवस न चुकता बुढ्याच्या पोटात जाव्या, एवढंच मले पायजे होतं. इथून निघालो तं गोळ्या कोन आनन? गावी वावरातले गोटे देनार काय गोळ्या? म्या तोंड शिवलं. गोळ्या लागू पडल्या. घाम कमी झाला, ताप उतरला, बुढा खुर्चीवर बसून फाटक उघडे, लावे, आन गाईकडं अशा नजरेनं पाहे का जसं कोनी त्याच्या हातातलं काम हिसकून नेलं.

मंग नवीन जोडपं आलं. पातुराकडचं. बादल आन योगिनी. पोरगा उंच, हात लंबे. भाऊ खुश झाला त्याचे हात पाहून. पोरगी पोटुशी, सातवा लागला असन. टेम्पोतून उतरली तं कंबरेवर हात ठेवून उभी राह्यली आन गोठ्याकडं पाहून म्हनली, "माय, कित्ती गाई!" तिचं तोंड पाहून मले माही पोरगी आठवली.

वहिनी आतून गिलास घेऊन आल्या. हे त्यायच्या घरचं जुनं, नवीन मानूस कामाले आलं का पयल्या दिवशी घरच्या लक्ष्मीनं त्याले आत्ताच काढलेलं दूध द्याचं, निरसं, फेसासकट. आमाले बी देल्लं होतं.

माह्या हातातला खराटा थांबला. म्या गोडीनं म्हनलं, "वहिनी, द्या मी ऊत आनून देतो. पोटुशी हाय, तिले निरसं पचनार नाई."

"पयल्या दिवसाचं दूध चुलीवर ठेवत नाई आमी," वहिनी म्हनल्या. "तुमालेबी तसंच देल्लं होतं, काय झालं?"

काय झालं म्हने! काय झालं ते फाटकावर खुर्चीत बसलं होतं.

"बाई, खरंच नको. राहू द्या."

"तुळसाबाई!" भाऊ म्हनला. आवाज चढवला नाई त्यानं, पन मले आयकू आलं काय म्हनून राह्यला ते. म्या फाटकाकडं पायलं. बुढा मान हालवून राह्यला, नाई, नाई, बोलू नको. त्याच्या गोळ्या अजून लय राह्यल्या होत्या.

योगिनीनं वहिनीच्या पायाले हात लावला, गिलास दोन्ही हातात घेतला, आन तोंडाले लावला. वरच्या ओठाले फेस लागला तिच्या.

म्या गिलासावर हात मारला.

दूध उडालं, तिच्या लुगड्यावर, वहिनीच्या पायावर, मातीत. गिलास गडगडत गव्हानीपर्यंत गेला. मंग एकदम सारे बोलाले लागले.

"पोटुशीच्या हातचं दूध सांडलं!" वहिनी कपाळाले हात लावून. "अवदसा हाय ही! अवदसा!"

बादल माह्या अंगावर आला, "ए बाई, डोकं फिरलं काय तुह्यं?"

आन पोरगी रडाले लागली. "काहून केलं मावशी असं? म्या काय केलं तुमचं?"

"ह्या गाईले रोग हाय!" मी वरडली. आता कायचं राखाचं होतं? "ह्या दुधानं लेकरू पडते पोटातलं! ह्या गाई पायल्या काय तुमी, एकेक गाभडल्या. त्या खुर्चीतल्या मानसाले विचार काय झालं त्याले! ब्रुसेला म्हनतात. ब्रुसेला! भाऊले ठाव हाय, वहिनीले ठाव हाय!"

"जळते ही," भाऊ बादलले म्हनला. हासलाबी. "त्याचं काम तुले देल्लं ना, म्हनून पोटात दुखते तिच्या." मंग माह्याकडं वळला, आन हासू पुसलं. "सामान उचल. आत्ताच्या आत्ता."

बादलनं योगिनीले हात धरून खोलीकडं नेलं. आमच्याच खोलीकडं. माह्यावर त्यायचा इस्वास बसला नव्हता, दिसून राह्यलं होतं. ज्यायच्यासाठी केलं, त्यायनंच मले वेडी ठरवली. मले एवढं रडू आलं रागानं, का भांडे भरता भरता दोन ताटल्या हातातून पडल्या.

बुढा खुर्चीवरून उठून आला. मले वाटलं आता बोलन, आता सारा राग काढन. तो खाटेवरची गोधडी गुंडाळाले लागला. दोरीनं बांधली, गाठ मारली, गाठ ओढून पायली. मंग म्हनला, "गोळ्याची पिशी घेतली काय?"

"घेतली."

"किती पुरतीन?"

"थोड्याच हाय."

"पाहू," तो म्हनला. आन पेटी उचलाले वाकला. म्या हात लावू देल्ला नाई, पेटी मीच घेतली डोक्यावर.

रोडवर फाटकासमोर बाभळीखाली सामान ठेवून बसलो, आटोची वाट पाहत. उन्ह असं का डांबर वास मारून राह्यलं होतं. बराच वेळ गेला. मंग फाटकाची कडी वाजली. योगिनी. डोक्यावर पदर, मांगं पाहत पाहत आली. भाऊनं पायलं तं तिचं बी सामान बाहेर येईन, हे तिले समजत होतं. माह्याजवळ येऊन उभी राह्यली. डोळे सुजले होते रडून.

"मावशी," ती हळूच म्हनली, "उकळलं तं चालते ना?"

म्या तिले हात धरून बाभळीच्या सावलीत घेतलं.

"चालते, पोरी. चांगला ऊत येऊ दे. तुहं म्या सांडलं ते निरसं होतं म्हनून."

"आन माह्या मानसानं हातानं काम केलं तं?"

"धारा काढू दे. पन जारात हात घालू देऊ नको. मरू दे गाय, पन हात घालू देऊ नको."

"मंग थे काम कोन करन? ते काम नाई केलं तं ठेवतीन काय आमाले?"

म्या बुढ्याकडं पायलं. बुढ्यानं पेटीकडं बोट दाखवलं. "मोजे दे वो तिले," तो म्हनला.

पेटी तिथंच धुळीत उघडली. पुडकं काढलं. वालाचं बी मातीत ओतून टाकलं आन तो मोजा बी झटकून त्यातच घातला. योगिनीनं ते लंबे लंबे मोजे हातात धरून पायले, तिले समजेना कसे घालतात. बुढा उठला. एक मोजा घेतला, आपल्या हातात घातला, बोटं, मनगट, कोपर, खांद्यापर्यंत ओढला, आन तिले दाखवला.

"असा. पयले पयले वाटते हाताले दिसत नाई," तो म्हनला. "सांग त्याले, दिसते मागून. सवय झाली का दिसते. रामकिसन म्हने म्हना."

तेवढ्यात गोठ्यातून भाऊची हाक आली. खुर्चीतूनच असन.

"बादल! जार अडकला रे!"

योगिनीनं आमच्याकडं पायलं. मंग लुगड्याचा सोगा वर खोचला, मोज्याचं पुडकं छातीशी धरलं, आन एका हातानं पोट सावरत पळाली. "अवो, थांबा!" वरडत गेली फाटकातून. "अवो, हात घालू नका! थांबा!"

पोटुशीले पळ म्हनत नाई कोनी. तरी मी उठून उभी राह्यली आन रोडवरून जेवढा आवाज निघन तेवढ्या आवाजानं वरडली, "पळ वो पोरी! पळ!"